मोकळे हात

"अगं बाई, तू अजून इथेच? मला वाटलं, लेकीकडे असशील," फानो म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. दिर्केच्या झऱ्यावर सकाळची झुंबड होती, घागरींचे तळ दगडावर आपटत होते, तरी ते एवढंसं वाक्य सगळ्यांना ऐकू गेलं. मिर्तोची घागर निम्मी भरली होती. ती तशीच धारेखाली धरून तिने विचारलं, "का? लेकीकडे काय आहे?" फानो तिची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. बाई वाईट मनाची नव्हती, पण तिच्या पोटात काही म्हणता काही राहत नसे. "काही नाही गं. म्हणजे... काल दिवेलागणीपासून कळा सुरू झाल्यात म्हणे क्लेनोला. आमचे हे एलेक्त्राच्या वेशीकडून आले ना, त्यांनी तिकडे ऐकलं. मला काय ठाऊक तुला कळवलं नाही म्हणून! मी आपली सरळ मनाने..." एवढं बोलून ती आपली घागर विसळत बसली, विसळलेलीच घागर पुन्हा.  बाकीच्या बायकांच्या नजरा मिर्तोच्या तोंडाकडे आल्या नाहीत, हातांकडे गेल्या. हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. थीब्जमधल्या बायका तिच्याशी बोलायच्या त्या हातांकडे बघूनच, आणि तीही शालीच्या आत हात घेऊनच बोलायची. पण आज घागर धरलेली, हात ओले, उघडे, सगळ्यांच्या देखत. पाणी काठोकाठ आलं, वरून वाहायला लागलं, तिच्या पायांवर पडलं. तिला एकदम इतकी लाज वाटली की घागर तिथेच ठेवून ती निघाली.

स्वतःच्या लेकीचं पहिलं बाळंतपण, आणि आईला ते झऱ्यावर कळावं. तेही आई सुईण असताना. सुईण होती असं म्हणायला हवं, कारण गेल्या कित्येक वर्षांत तिला कोणी बोलावलं नव्हतं. पोटुशी बाई दिसली की मिर्तोनेच वाट बदलायची, असा जणू गावाचा आणि तिचा करार झाला होता. ती लोकर पिंजायची, जवाचं पीठ दळून द्यायची, आणि वेशीबाहेरच्या धनगरांकडे एखादी शेळी अडली तर जायची. शेळ्यांना तिच्या बोटांचं काही वाटत नसे. शेळीच्या पोटात हात घालून करडाचे पाय सरळ करताना तिला आपण कोण होतो ते आठवायचं, आणि मग धनगराने कौतुकाने दिलेलं चीज ती तसंच बाजूला ठेवायची. मागे टेकडीखालची एक बाई अडली होती. मिर्तोला ओरडण्यावरूनच कळत होतं की मूल पायाळू आहे, आत जाऊन फक्त फिरवायला हवं. ती अंगणापर्यंत गेलीही. त्या बाईच्या सासूने घरातून राखेची पाटी आणून तिच्यासमोर ओतली आणि म्हणाली, "ही रेघ ओलांडलीस तर बघ." मिर्तोने ओलांडली नाही. ती बाई वाचली, मूल गेलं, आणि गावात बोलवा झाली की मिर्तो अंगणात येऊन उभी राहिली होती.

चिखलाचे बोळ ओलांडून ती चालली होती, पण मन मागेच घुटमळत होतं, क्लेनोच्या लहानपणात. पोरं तिला चिडवायची. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून तिच्यासमोर नाचवायची आणि म्हणायची, "क्लेनो, तुझी आई काय करते? बाळं कोंडते!" क्लेनो त्यांना चावायची. एकदा एका पोराचा कान तिने रक्त येईपर्यंत चावला आणि घरी येऊन विचारलं, "आई, खोटं आहे ना?" मिर्तो तेव्हा कोपाईसच्या तळ्यातली वाम मासळी सोलत होती, हात बुळबुळीत झालेले, आणि ती म्हणाली, "तोंड धू आधी. रक्त लागलंय." खोटं आहे म्हणाली असती तर काय बिघडलं असतं? पण तिच्याने म्हणवलं नाही. पोरीने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि चावणंही थांबवलं. ते थांबवलेलं चावणं मिर्तोला जास्त लागलं. नंतर लग्न झालं. निकॉनसारखा मुलगा मिळाला, चामड्याचं काम करणारा, हसरा, जरा बुजरा. त्याच्या आईने, तिमाक्साने, सोयरीक जमताना एवढंच म्हटलं होतं, "मुलगी गुणी आहे. मुलीचं बघायचं, बाकीचं कशाला उकरायचं?" त्या बाकीच्यात मिर्तो होती. तिने मान खाली घालून वर दोन गठ्ठे लोकर जास्त दिली.

आणि मागच्या महिन्यात क्लेनो आली होती, जड पावलांनी, अंजीर खायची इच्छा झाली म्हणून. अंगणात बसली, मिर्तोने तिचे केस विंचरले. मग राहवलं नाही म्हणून तिच्या पोटावर हात ठेवले. मूल खाली डोकं करून व्यवस्थित बसलं होतं, पाठ डाव्या बाजूला, सगळं नीट, इतकं नीट की मिर्तोला हसू आलं. नकळत तिचे दोन्ही हात पोटाच्या खालच्या बाजूला एकमेकांजवळ आले. क्लेनोने ते धरले. रागाने नाही. हळूच धरले, एक या बाजूला ठेवला, एक त्या बाजूला, मध्ये चांगलं वीतभर अंतर सोडून, आणि म्हणाली, "वेळ आली की निरोप पाठवीन हां, आई." तिचा आवाज फार गोड होता. लहान मुलाच्या हातातली सुरी काढून घेताना काढावा तसा. मिर्तोला तेव्हाच समजायला हवं होतं. तेव्हा समजलंही होतं, असं आता बोळाच्या वळणावर तिला वाटलं. समजूनही ती रोज निरोपाची वाट बघत बसली, धुतलेली फडकी आणि तेलाचा बुधला तयार ठेवून. म्हातारपणी माणूस इतकं कसं निर्लज्ज होतं?

निकॉन दारातच उभा होता. एका हाताने अंगरखा पोटाशी गच्च धरून, कारण कमरेचा पट्टा सोडलेला. बाई लवकर सुटावी म्हणून घरातली प्रत्येक गाठ सोडली होती. दाराची कडी काढलेली, पेट्यांची झाकणं उघडी, अंगणातल्या शेळीचं दावंसुद्धा सोडलं होतं आणि ती खुशाल तिमाक्साचा पुदिना खात होती. सासूला बघून जावयाचा चेहरा पांढरा पडला. "आई, तुम्ही? कोणी सांगितलं तुम्हाला?" मग स्वतःलाच उमगून तो घाईने म्हणाला, "म्हणजे तसं नव्हे. आम्ही कळवणारच होतो. झाल्यावर लगेच."

"कशी आहे ती?"

"थकलीय हो. रात्रभर..." त्याचे डोळे भरून आले. "सुईण म्हणते सगळं बरोबर आहे, मग का होत नाही? कळ येते, आणि ती अंग चोरते. नको नको म्हणते. आई, मी तुमच्या पाया पडतो, पण आत जाऊ नका. मला काही वाटत नाही, देवाशपथ, पण ती घाबरते. तीच म्हणाली."

तीच म्हणाली. आतून क्लेनोचा आवाज आला, वरच्या पट्टीतला, घशातला, आणि मिर्तोला त्या एका आवाजात सगळं समजलं: मूल खाली आहे, वाट मोकळी आहे, पोर भीतीने दार लावून बसलीय. अशा पोरीला पाठीवर निजवून ठेवायचं नसतं. "तिला उभी करा! कोणाच्या तरी गळ्यात हात टाकू दे आणि..." ती ओरडली, तोच तिमाक्सा बाहेर आली. केस मोकळे सोडलेले, बाह्या वर. "हळू, विहीणबाई! तुमचा आवाज आत जायला नको," ती म्हणाली. तिमाक्सा कजाग नव्हती, तिचाही जीव टांगणीला लागला होता. "आलात ते आलात. आता परत जा म्हटलं तर तुम्ही घरी जाऊन काय कराल, कशा बसाल, ते आम्हाला कुठे दिसणार? त्यापेक्षा समोर बसा. माझ्या नजरेसमोर." तिने रस्त्यापलीकडचा दगडी ओटा दाखवला. मिर्तो बसली. तिमाक्साने दोन मातीचे वाडगे आणले, पाण्याने काठोकाठ भरलेले, एक तिच्या उजव्या हातावर ठेवला, एक डाव्या. "असे धरा. लांब लांब. थेंब सांडायला नको. आणि पाय फाकवून बसा, गुडघ्याला गुडघा लागू देऊ नका. राग मानू नका हं, लेकीसाठीच आहे." "नाही, राग कसला," मिर्तो म्हणाली. तिला खरोखरच राग आला नव्हता. राग यायला अंगात कुठेतरी जरा ताठपणा लागतो.

अशी ती बसली, भर रस्त्यात, पाय फाकवून, दोन हात दोन बाजूंना, एखाद्या तराजूसारखी. लोक येत जात होते. कोळी वाम मासळीच्या टोपल्या घेऊन निघाले होते, एकाने विचारलं, "काय म्हातारे, पाणी विकतेस काय?" दुसऱ्याने त्याच्या कानात सांगितलं, तसा तो मागे सरला आणि कमरेच्या पट्ट्याची गाठ चाचपू लागला. समोरच्या घरातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. "हीच का ती?" "हीच. अल्कमेनेच्या दारात बसली होती ती." "मग हिला इतक्या जवळ कशाला बसवलीय?" "जवळ असली म्हणजे दिसते तरी." मिर्तोच्या खांद्यात कळा यायला लागल्या. वाडग्यातलं पाणी थरथरत होतं. आणि खांद्यातली ती कळ तिच्या इतकी ओळखीची होती की तिला वाटलं, आपण उठलोच नाही तेव्हापासून, नुसते हात बदललेत.

तेव्हा, अल्कमेनेच्या दारात, बसायचं ते उलट होतं. एक मांडी दुसरीवर, गुडघे आवळलेले, आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून गुडघ्यांभोवती घट्ट. जोवर बोटं अडकलेली, तोवर आतलं मूल अडकलेलं. अल्कमेनेच्या पोटात झ्यूसचं मूल आहे अशी बोलवा होती, आणि झ्यूसच्या बायकोला, हेराला, ते जन्माला यायला नको होतं. मोठ्यांची भांडणं. पण ती भांडायला हेराच्या देवळातली थोरली पुजारीण गावातल्या सुइणी गोळा करत आली, आणि मिर्तोच्या दारात उभी राहून म्हणाली, "तुझा हात सगळ्यात घट्ट आहे असं ऐकलंय." कुंभाराची बायको मिर्तो, जिला देवळात कोणी पुढे उभं राहू देत नसे, तिच्या दारात देवीचं बोलावणं! काय नाचली होती ती मनातल्या मनात. क्लेनो तेव्हा अंगावर पिणारी. तिला फानोकडे टाकून ती गेली. भीती वाटली म्हणून गेले, देवीला नाही कसं म्हणायचं म्हणून गेले, असं तिने पुढे नवऱ्याला सांगितलं होतं. खोटं. ती मिरवायला गेली होती. आणि त्या थोरल्या घराच्या पायरीवर बसल्यावर, आतून त्या राजघराण्यातल्या बाईच्या किंकाळ्या ऐकू यायला लागल्यावर, तिने एकदा गंमत म्हणून बोटं अजून आवळली होती. आत किंकाळी वाढली. कदाचित ती कळ तशीही आली असती. पण तिला वाटलं, हे माझ्या मुठीत आहे. ते वाटणं किती छान होतं! आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की तिला आपलं तोंड झाकून घ्यावंसं वाटे. आत्ता तोंड झाकायलाही हात मोकळे नव्हते.

दिवसामागून दिवस गेले. तिची छाती दगडासारखी झाली होती, दूध साठून साठून ताप भरला होता. जेवण दुसरं कोणी तोंडात घाली. आणि मग दार उघडून ती पोर बाहेर आली, गालिन्थी, अल्कमेनेची मैत्रीण, केस मोकळे, दोन्ही हात वर केलेले, आणि आनंदाने ओरडली, "झाला! मुलगा झाला! देवाची इच्छा, मुलगा झाला!" आणि बायका ओरडतात तशी जिभेने लांब आरोळी ठोकली. सगळं गाव म्हणतं, सुइणी फसल्या. अजून हसतात. बाळाचं रडं ऐकल्याशिवाय ज्या फसल्या त्या कसल्या सुइणी! पण मिर्तोला विचार करायला वेळच कुठे मिळाला? ती आरोळी ऐकली, आणि तिच्या छातीतून दूध सुटलं. दोन्ही बाजूंनी, धारेने, कपडा भिजवत. ते थांबवायला तिचे हात आपोआप छातीवर गेले. बस्, इतकंच. हात सुटले आणि आत खरंच मूल झालं, अल्कमेनेचा तो दांडगा मुलगा, ज्याचं आज गाव कौतुक करतं. खरं रडं ऐकू आलं तशी गालिन्थी पायरीवरच पोट धरून हसायला लागली. वेड्यासारखी हसत होती. सुइणींची फजिती केल्याची मजा, मैत्रीण वाचल्याचा आनंद, सगळं एकात एक. थोरल्या पुजारणीने तिचे केस धरले आणि म्हणाली, "धरा गं हिला!"

आणि मिर्तोने धरलं. हे कोणाला माहीत नव्हतं. गावात गोष्ट अशी की हेराने गालिन्थीला शाप दिला आणि तिचं ते लांबुळकं, तपकिरी जनावर झालं, मुंगसाच्या जातीचं, जे घराघरात उंदीर मारत फिरतं. थीब्जमध्ये त्याला कोणी दगड मारत नाही, उलट दूध ठेवतात. मिर्तोला एवढंच ठाऊक होतं की इतके दिवस बांधलेले तिचे हात मोकळे झाले आणि पहिल्यांदा त्या पोरीच्या घोट्यांवर पडले. घोटे गरम होते. वाहाणांचे बंद सोडलेले, त्यामुळे एक वाहाण मिर्तोच्या हातात निघून आली. गालिन्थी अजून हसतच होती, तिला वाटलं असावं की चिडवाचिडवी चाललीय, आता सोडतील. तिने मान उचलून मिर्तोच्या भिजलेल्या कपड्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं, तुझं बाळ कुठंय? घरी जा ना, भुकेलं असेल." देवळाच्या मागच्या दारापर्यंत त्यांनी तिला उचलून नेली. दार लागलं. मिर्तो घरी गेली आणि क्लेनोला पाजलं. पोर अधाशासारखी पीत होती. पुढे गालिन्थी कोणाला दिसली नाही, आणि आपण कोणाला काय सांगायचं? मुळात कोणी विचारलंच नाही. सगळे बोटांचंच विचारायचे. मिर्तोही त्या थट्टेच्या आडोशाला बसून राहिली, इतकी वर्षं. फसलेली, मूर्ख सुईण, त्यावर हसा हवं तर. पाय धरणारी सुईण कोणाला ठाऊक नको.

"झालं! बाळ झालं!"

मिर्तो दचकली, डाव्या वाडग्यातलं पाणी हिंदकळलं. दारात तिमाक्सा उभी होती, दोन्ही हात वर करून. "विहीणबाई, बाळ झालं हो! सुटली क्लेनो! उठा, उठा आता!" आणि तिने आरोळी ठोकली. रस्त्यावरचे लोक थांबले. निकॉन तिच्या मागे होता, आणि तो मिर्तोकडे बघत नव्हता. मिर्तोने पाहिलं: तिमाक्साचे हात कोरडे होते, कोपरापर्यंत स्वच्छ. आतून रडं नव्हतं. रडं नव्हतं, पण तोंडात फडकं कोंबून दाबलेला एक आवाज होता, आणि तो तिच्या लेकीचा होता.

आधी तिला कळेचना. मग कळलं, आणि तोंडात मारल्यासारखं झालं. हात दोन दिशांना ताणलेले, दोन्हींवर काठोकाठ पाणी, पाय फाकलेले, आणि तरीही यांना वाटतंय की मी कुठेतरी काहीतरी आवळून धरलंय. जीभ आवळली असेल, पायाची बोटं गुंतवली असतील, मनातल्या मनात गाठ मारली असेल. स्वतःच्या लेकीवर! त्या थोरल्या घराच्या दारात जो डाव टाकला, तोच माझ्यावर, माझ्या लेकीच्या दारात. पहिल्यांदा, आज पहिल्यांदा तिला राग आला. अगदी स्वच्छ राग. नुसतं म्हणायचं होतं: तिमाक्सा, मी सुईण आहे गं, मला रडं ओळखता येतं. माझे हात बघ, दोन्ही भरलेले आहेत. मी काहीही धरलेलं नाही. आणि ते खरं होतं. इतक्या वर्षांत तिच्याकडे असलेली ही एकच खरी, धुतलेली गोष्ट होती, आणि ती सांगायला आख्खी गल्ली समोर हजर होती.

तेवढ्यात आत क्लेनोने फडकं थुंकून विचारलं, "उठली का? आई उठली का?"

लहानपणीचाच आवाज. खोटं आहे ना, विचारणारा.  पोर दार लावून का बसलीय, ते मिर्तोला आता पुरतं समजलं. तिला सुईण नको होती, उभं करणारं माणूस नको होतं, तिला फक्त आईचे हात सुटलेले हवे होते. आपण काही धरलंच नव्हतं हे आपण शंभरदा सांगितलं तरी ती विश्वास ठेवणार नव्हती. सोडलं, यावर ठेवील.

मग मिर्तो उठली. दोन्ही वाडगे तिने असे भिरकावले की एक भिंतीवर फुटला आणि एक त्या कोळ्याच्या टोपलीपाशी. "झालं? अगं बाई! झालं?" ती किंचाळली, हात वर केले, बोटं फाकवली, सगळ्यांना दिसतील अशी दहाही बोटं फाकवली, आणि रस्त्यात गरागरा फिरली. "फसले गं बाई, मला वाटलं अजून अवकाश आहे! सुटले माझे हात, सुटले!" तिने टाळ्या पिटल्या. म्हातारी, भिजलेली, शाल घसरलेली. गल्ली हसायला लागली. समोरच्या बायका हसता हसता एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. "पुन्हा फसली! मेली पुन्हा फसली!" मिर्तो त्यांच्यासाठी अजून एकदा फिरली. लाजेने तिच्या कानांच्या पाळ्या जळत होत्या, आणि ती हसत होती, मोठमोठ्याने, आत ऐकू जाईल अशी.

"सोडले गं तुझ्या आईने, सोडले!" तिमाक्सा आत पळाली. मग क्लेनोचा आवाज आला. आता तो घशातला नव्हता, पोटातला होता, खालचा, रुंद, कामाला लागलेला. हा आवाज मिर्तोला पाठ होता. ती रस्त्यात उभ्या उभ्या लेकीबरोबर श्वास धरू लागली, सोडू लागली. आता दम घे. आता लाव जोर. बाई गं, आता. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. आणि मग ते रडं आलं, चिरकं, रागावलेलं, खरं. निकॉनने अंगरखा धरलेला हात सोडून दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि अंगरखा मोकळा झाला, पण त्याला आता कोणी हसलं नाही.

बऱ्याच वेळाने तिमाक्सा बाहेर आली. आता तिचे हात ओले, लाल होते. ती दाराला लोकरीचा गुंडा बांधत होती, म्हणजे मुलगी. मिर्तो रस्ता ओलांडून उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथे आपसूक थांबली. "दोघी चांगल्या आहेत," तिमाक्सा म्हणाली. तिला रडू येत होतं. "भरपूर केस आहेत मुलीला. विहीणबाई, मला वाटलंच होतं, पण खरं सांगते, पाण्याचे वाडगे देऊनसुद्धा तुम्ही... जाऊ दे. आनंदाच्या दिवशी नको." तिने नाक पुसलं. "बारशापर्यंत तुम्ही येऊ नका. पुढचं पुढे बघू. आणि क्लेनोने निरोप दिलाय. म्हणाली, आईला सांगा, मी तिला माफ केलं."

 मिर्तोच्या मागे सगळी गल्ली ऐकत होती.

"ती वाट बघतेय," तिमाक्सा हळूच म्हणाली. "काहीतरी सांगा ना तिला. तेवढंच पोरीच्या मनाला बरं."

"चुकलं माझं," मिर्तो म्हणाली.

"आत ऐकू नाही गेलं. जरा मोठ्याने."

मिर्तोने तोंड उघडलं. आपण खूप बारीक आवाजात बोलू असं तिला वाटलं होतं. पण तो शब्द इतका मोठा निघाला की तिमाक्सा एक पाऊल मागे सरली, अंगणातली शेळी बुजली, आत बाळ पुन्हा रडायला लागलं. "चुकलं माझं! पोरी, चुकलं गं माझं! मी धरलं! मला धरायला नको होतं!" ती ओरडत होती आणि तिच्या डोळ्यांसमोर क्लेनो नव्हती. तळव्यांना दोन गरम घोटे लागत होते. आतून क्लेनोचं रडणं ऐकू आलं, मोकळं, सुखाचं, आणि ती म्हणत होती, "असू दे आई, असू दे गं." मागे कोणीतरी बाई सुस्कारा टाकून म्हणाली, "शेवटी कबूल केलंन बिचारीने." बरं वाटलं सगळ्यांना. मिर्तोलाही वाटलं, छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं, इतकं हलकं की तिला रडताना श्वास पुरत होता. आणि त्या बरं वाटण्याची तिला जन्मात कशाची वाटली नव्हती इतकी लाज वाटली. ज्या पोरीची माफी मागायची होती, तिची, गालिन्थीची, मागितली, तीही अशी, दुसरीच्या दारात, दुसरीच्या नावावर. आणि माफ केलं म्हणाली ती दुसरीच. तिने शाल उचलली, हात शालीत घेतले आणि ती घराकडे चालायला लागली.